फिरती घोंगडी

वखारीत तंबाखू चाळताना
बोटांना जो वास लागला
तो वखार बंद पडल्यावरही गेला नाही.
आता त्याच बोटांत लोकर.
हुसेनबी म्हणते, मेंढीला शिंका येतील एक दिवस.

निपाणीत, जत्राट वेशीच्या अलीकडं,
मलप्रभाच्या पत्र्याच्या सोप्यात
सोमवारी, भांडी घासून झाली की चौघी बसतो.
विकायचं काही नाही.
सुनेनं विचारलं, मग कशाला?
म्हटलं, तू फोनवर बोट फिरवतीस ते कशाला?
हे जरा जास्तच झालं.
रात्री तिनं भाकरी मुकाट वाढली.

चाती पहिल्यांदा हातात घेतली
तर गिरकी घ्यायची सोडून
दाव्याच्या करडासारखी उलटीच हिसकली.
माझी ती चाती, मलप्रभाची कदिर,
हुसेनबीची नुसतीच "ओ लकडी".
मलप्रभा पेळू मोजते: ओंदु, एरडु, मूरु,
मी पुढचं चार म्हणते,
फिलोमिना मधेच येशूचं नाव घेते
आणि मोजणी पहिल्यापासून.

लोकर येते चिकोडीकडच्या एका कळपातनं.
काळी, मधेच बदामी,
लेंड्या आणि बाभळीचा पाला वर फुकट.
पिंजायला घेतली की कळतं मेंढी कुठं कुठं हिंडली:
हे गोखरू उसाच्या बांधावरचं,
ही कुसळं माळावरची,
हा निळा दोरा कुणाच्या तरी वाळत घातलेल्या लुगड्याचा.
फिलोमिना एकदा तासभर
एकच काटा शोधत बसली
आणि त्या तासात तिनं नवऱ्याचं सांगितलं,
बावीस वर्षं मांडीला मांडी लावून बसताना
जे कधी सांगितलं नव्हतं.
आम्ही कुणी वर बघितलं नाही.
सूत काढताना वर बघायचं नसतं,
एवढं एक बरं असतं.

सूत तुटतं. रोजच.
मी गाठ मारायला गेले तर
तम्माण्णा सनगर खेकसला:
"गाठ फणीत अडकती, बाई.
दोन्ही टोकं विस्कट, थुंकी लाव, तळव्यात वळ."
एका टोकाला हुसेनबीची थुंकी, एका टोकाला माझी.
वखारीत आमचे पाण्याचे तांबे वेगळे होते.

त्याच्याच खड्डामागावर उन्हाळाभर विणलं.
आळीपाळीनं खड्ड्यात पाय सोडून.
चिंचोक्याची खळ आंबली, गल्लीनं नाकाला पदर लावला,
मलप्रभा म्हणाली, "मी आणतो की ताजी,"
आणि आणली दुसऱ्या आठवड्यात.
उतरवली तेव्हा घोंगडी मधे जाड, कडंला विरळ,
एका कोपऱ्यात कललेली.
तम्माण्णानं उलटीपालटी करून बघितली.
"मेंढीनंच विणली काय?"
एवढं हसलो की पत्र्यावरचं मांजर पळालं.

चार तुकडे करायचे का, असा विषय निघाला.
कातर आणायला कुणी उठलं नाही.
मग ठरलं, महिना महिना.
ती येते तेव्हा तिला आधी हुंगायचं:
हुसेनबीकडनं लोबान,
फिलोमिनाकडनं बामाची बाटली आणि सुकी मासळी,
मलप्रभाकडनं विभूती, नि तिच्या नातवाचं
जे व्हायचं ते.
माझ्याकडनं काय वास जातो ते मला कळणार कसं.
त्या सांगत नाहीत. हसतात.

या महिन्यात सुनेला ताप आला.
रात्री न विचारता तिनं ती ओढून घेतली.
"टोचती," म्हणाली.
अंगावरनं काढली मात्र नाही.
ताप उतरला, एक तारीख उलटून चार दिवस झाले,
ती अजून तिच्याच उशाशी.
मलप्रभाचा दोनदा निरोप आला.
मी सांगितलं,
वाळत घातलीय.